जॅक चार्लटन आणि आयरिश लोक

ज्या राष्ट्रानें दुसऱ्या राष्ट्रावर शतकानुशतकें राज्य केलें, त्यांतील एखाद्या मनुष्याविषयीं जित लोकांच्या मनांत आदर उत्पन्न झाल्याचीं उदाहरणें इतिहासांत नाहींतच असें नाहीं. मुंबई इलाख्यांत सरकारी अधिकारी म्हणून हयात घालविलेले सर विल्यम वेडरबर्न १८८९ सालीं मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक हॉर्निमन यांस सरकारनें १९१९ त हद्दपार केलें, आणि पुढें मुंबईंतील एका सुंदर चौकास त्यांचें नांव मिळालें. परंतु या दोघांनींही आमच्यासाठीं आपल्या जातभाईंशीं उघड भांडण केलें होतें. आमचा पक्ष त्यांनीं आपला मानिला, म्हणून आम्हीं त्यांस आपलें मानिलें. ज्यानें असें कांहींएक केलें नाहीं, जित देशाच्या राजकारणावर एक व्याख्यान दिलें नाहीं, आपण इंग्रज आहों हें क्षणभरही लपविलें नाहीं, अशा एका इंग्रजावर एका संबंध राष्ट्रानें घरच्या माणसाप्रमाणें प्रेम करावें, हा प्रकार मात्र आम्हांस अपूर्व वाटतो. तो आयर्लंडांत घडला. त्या इंग्रजाचें काम होतें फुटबॉलचा राष्ट्रीय संघ निवडून त्यास शिकविण्याचें, आणि नांव होतें जॅक चार्लटन.

खेळांत इतिहास तो कसला, असें कांहीं वाचकांस वाटेल. आयर्लंडपुरतें तरी तें खरें नाहीं. त्या देशाचें नांव महाराष्ट्रास परकें नाहीं. लोकमान्यांनीं १९१६ च्या एप्रिलांत बेळगांवास होमरूल संघ स्थापिला, तेव्हां तो शब्दच मुळीं आयर्लंडांतून आलेला होता, आणि त्याच महिन्यांत डब्लिनच्या रस्त्यांत ईस्टरचें बंड झालें होतें. या लोकांनीं स्वातंत्र्याचा झगडा जसा सभागृहांत व रणांत, तसाच क्रीडांगणावरही चालविला. १८८४ सालीं थर्ल्स गांवीं स्वदेशी खेळांच्या पुनरुज्जीवनासाठीं 'गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन' ही संस्था निघाली, आणि तिनें पुढें असा निर्बंध घातला कीं, जो कोणी क्रिकेट, रग्बी, हॉकी अथवा इंग्रजी पद्धतीचा फुटबॉल हे परकीय खेळ खेळेल, किंवा नुसते पाहावयास जाईल, त्यास संस्थेंत स्थान नाहीं. २१ नोव्हेंबर १९२० रोजीं डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर गेलिक फुटबॉलचा सामना चालू असतां सरकारी सशस्त्र दलानें गोळीबार करून चौदा माणसें मारिलीं, आणि तेव्हांपासून तें मैदान राष्ट्राचें एक तीर्थक्षेत्रच झालें. देश स्वतंत्र झाला तरी निर्बंध ढळला नाहीं. आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड यांनीं आयरिश भाषेच्या उद्धारासाठीं आयुष्य वेंचलें होतें. पण १९३८ त ते एका आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामन्यास हजर राहिले, एवढ्या अपराधासाठीं संस्थेनें त्यांचें आश्रयदातेपण काढून घेतलें! हा निर्बंध १९७१ पर्यंत टिकला. तात्पर्य, चार्लटन यांनीं जो खेळ शिकवावयाचा, तोच पुष्कळांच्या लेखीं जेत्यांचा खेळ. आणि शिकविणारा तर प्रत्यक्ष जेत्यांच्या कुळांतला.

चार्लटन यांचा जन्म ८ मे १९३५ रोजीं इंग्लंडच्या उत्तर भागांत, नॉर्दम्बरलंड परगण्यांतील अ‍ॅशिंग्टन या कोळशाच्या खाणींच्या गांवीं झाला. बाप खाणींत काम करणारा. आई सिसी ही मिलबर्न घराण्यांतली; तिचे चार भाऊ फुटबॉलवर पोट भरणारे, आणि न्यूकॅसलचा नामांकित खेळाडू जॅकी मिलबर्न हा तिचा चुलतभाऊ. धाकटा मुलगा बॉबी हा जन्मजात कलावंत; त्याच्या पायीं चेंडू आला कीं पाहणाऱ्याचें भान हरपावें. थोरले जॅक उंच, लांब मानेचे, अवघडल्यासारखे दिसणारे. त्यांनीं पोरवयांत कांहीं दिवस खाणींत उतरून पाहिलें, तें जिणें त्यांस मानवलें नाहीं, आणि लीड्स युनायटेड या क्लबाची वाट त्यांनीं धरली. तेथें ते १९५२ पासून १९७३ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षें खेळले. इंग्लंडच्या संघांत त्यांस प्रवेश मिळाला तो १९६५ सालीं, तिशीच्या उंबरठ्यावर. आणि पुढच्याच वर्षीं, ३० जुलै १९६६ रोजीं, वेम्ब्लीच्या मैदानावर पश्चिम जर्मनीचा ४-२ असा पराभव करून इंग्लंडनें विश्वचषक जिंकिला, तेव्हां दोघे बंधु त्या संघांत होते. आपल्या अंगीं भावाची कला नाहीं, हें जॅक यांस पक्कें ठाऊक होतें. आपणांस काय येत नाहीं हें ज्यास नीट कळतें, तो मनुष्य दुसऱ्यास शिकविण्यास बहुधा अधिक लायक असतो.

खेळणें सोडल्यावर त्यांनीं मिडल्सब्रो क्लबाचें व्यवस्थापन हातीं घेतलें, आणि पहिल्याच हंगामांत, १९७४ सालीं, दुसऱ्या वर्गांतून तो क्लब अव्वल वर्गांत नेला. पुढें शेफील्ड वेन्सडे हा पडत्या काळांतला क्लब त्यांनीं सांवरला. १९७७ त इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाची व्यवस्थापकाची जागा रिकामी झाली, तेव्हां त्यांनीं रीतसर अर्ज केला. त्या अर्जास होकार तर नाहींच, पण पोंच म्हणून एक ओळसुद्धां आली नाहीं, असें त्यांनीं पुढें सांगितलें आहे. विश्वचषक जिंकून देणाऱ्या अकरांपैकीं एकास आपल्या देशानें उत्तराच्याही योग्यतेचा मानूं नये, हा सल त्यांच्या मनांत राहून गेला. १९८४ त ते न्यूकॅसलला, म्हणजे जवळजवळ घरच्याच मैदानावर आले. पण वर्षभरांतच प्रेक्षकांनीं त्यांची हुर्यो केली, आणि ते तडकाफडकीं निघून गेले. पन्नाशीस आलेला, कामांत वाकबगार परंतु तोंडानें फटकळ असा हा गृहस्थ आतां गळ टाकून मासे धरीत बसणार, असें सर्वांस वाटत होतें.

अशा वेळीं १९८६ च्या फेब्रुवारींत आयरिश फुटबॉल संस्थेनें पुष्कळ वादावादीच्या मतदानानंतर त्यांची नेमणूक केली. आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाचा व्यवस्थापक परदेशी असण्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि तो परदेशी इंग्रज! देशाची स्थिति त्या वेळीं हलाखीची होती. लोकसंख्या सारी पस्तीस लक्ष. काम करणाऱ्यांत शेंकडा सोळा-सतरा बेकार. आणि शिकून तयार झालेलीं मुलें लंडन, बोस्टन, न्यूयॉर्कच्या वाटेला लागलेलीं. १८४५ च्या दुष्काळापासून त्या देशाच्या नशिबीं जें देशांतर आलें होतें, तें पुन्हां जोरानें सुरू झालें होतें. शिवाय उत्तरेंत, ब्रिटिश अंमलाखालीं राहिलेल्या सहा परगण्यांत, बाँब आणि बंदूक यांचें सत्र १९६९ पासून चालूच होतें. फुटबॉलच्या संघाची कथा तर आणखी करुण. युरोपांतील वा जगांतील मोठ्या स्पर्धेंत त्यास त्या काळपर्यंत कधींच पात्रता मिळाली नव्हती. मार्च १९८६ त लॅन्सडाऊन रोडच्या मैदानावर वेल्सविरुद्ध चार्लटन यांचा पहिला सामना झाला. तो आयर्लंडनें ०-१ असा गमावला, आणि प्रेक्षकांत एक फलक झळकला कीं, 'युनियन जॅक, घरीं जा!' ब्रिटिश निशाणाचें नांव आणि नव्या गुरुजींचें नांव यांवरची ही कोटी झोंबणारी खरी. पण सातशें वर्षांच्या इतिहासाकडे पाहतां ती अनपेक्षित नव्हती.

चार्लटन यांनीं तिला उत्तर दिलें नाहीं. त्याच वर्षीं मेक्सिकोंत विश्वचषकाचे सामने झाले, ते त्यांनीं बारकाईनें पाहिले, आणि त्यांच्या असें ध्यानांत आलें कीं, बहुतेक सगळे संघ एकाच ठरावीक चालीनें खेळतात. पाठीमागून चेंडू सावकाश मध्यभागीं आणावयाचा, आणि तेथील कुशल खेळाडूच्या हातीं सारीं सूत्रें द्यावयाचीं. या चालींत आपण मोठ्या राष्ट्रांची बरोबरी करूं जाऊं, तर नेहमींच मागें पडूं. तेव्हां त्यांच्या मैफलींत त्यांचाच राग आळविण्यापेक्षां मैफलच उधळावी, असा त्यांनीं बेत केला. प्रतिपक्षाच्या बचाव करणाऱ्या गड्यांच्या पाठीमागें चेंडू दूरवर फेंकावयाचा. त्यांस आपल्याच गोलाकडे तोंड करून धांवावयास लावावयाचें. आणि तेथेंच त्यांस गांठून क्षणाचीही उसंत मिळूं द्यावयाची नाहीं. ही पद्धत डोळ्यांस सुखविणारी नव्हती. पण मूठभर माणसांनीं मोठ्या फौजेशीं कसें झुंजावें, याचें गमक तींत होतें, आणि तें महाराष्ट्राच्या वाचकांस आम्हीं निराळें समजावून सांगावयास नको.

संघासाठीं माणसें कोठून आणावयाचीं, हा दुसरा प्रश्न. आंतरराष्ट्रीय फुटबॉलच्या नियमांप्रमाणें आजा किंवा आजी ज्या देशांत जन्मली, त्या देशाकडून नातवास खेळतां येत असे. चार्लटन यांच्या आधींही या नियमाचा उपयोग झाला होता. त्यांनीं तो मन लावून केला. इंग्लंड-स्कॉटलंडच्या कारखान्यांच्या शहरांत जीं आयरिश घराणीं पोटासाठीं जाऊन राहिलीं होतीं, त्यांच्या मुलानातवांत त्यांनीं शोध घेतला. जॉन ऑल्ड्रिज लिव्हरपूलचा, मिक मॅकार्थी बार्न्सलीचा, अँडी टाउन्सेंड केंट परगण्यांतला. रे हौटन ग्लासगोंत जन्मलेला, पण बाप डोनेगलचा. 'हे कसले आयरिश? यांची बोली तर पाहा!' अशी थट्टा इंग्रज वर्तमानपत्रांनीं पुष्कळ केली. परंतु आयर्लंडांतील घरोघरच्या आयांस ती थट्टा वाटली नाहीं. ज्या देशाचीं निम्मीं लेंकरें पिढ्यान्‌पिढ्या परदेशीं गेलीं, त्या देशाचा खरा संघ देशाच्या हद्दींत मावणाराच नव्हता. गेलेल्यांचीं मुलें हिरवा पोशाख घालून परत आलीं, आणि त्यांस परत आणणारा मनुष्य इंग्रज होता! कोणा आयरिश पुढाऱ्यास जें सुचलें नव्हतें, तें या खाणकऱ्याच्या मुलास कामाच्या गरजेंतून सुचलें. त्यांत त्याचा कांहीं उदात्त हेतु होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण घडलें तें असें.

१९८८ च्या युरोपीय स्पर्धेंत आयर्लंडचा प्रवेश झाला, त्यांत दैवाचाही हात होता. नोव्हेंबर १९८७ त स्कॉटलंडच्या गॅरी मॅके यानें सोफियांत सामना संपतां संपतां बल्गेरियावर गोल केला, आणि घरीं बसलेल्या आयर्लंडसाठीं दार उघडलें. पहिलाच सामना १२ जून १९८८ रोजीं स्टुटगार्टला, आणि तोही इंग्लंडशीं. सहाव्या मिनिटास हौटन यानें डोक्यानें चेंडू गोलांत मारला. उरलेली चौऱ्याऐंशीं मिनिटें इंग्लंडनें हल्ल्यांमागून हल्ले केले, आणि गोलरक्षक पॅकी बॉनर यानें ते सगळे परतविले. सामना १-० असा संपला. पुढें रशियाच्या बलाढ्य संघाशीं १-१ अशी बरोबरी झाली, आणि शेवटीं हॉलंडकडून अवघ्या आठ मिनिटांचा अवधि उरला असतां गोल खाऊन आयरिश मंडळी घरीं आली. पण स्टुटगार्टच्या विजयाची गोडी कमी झाली नाहीं, आणि तीहून महत्त्वाचें म्हणजे त्या विजयांत विष राहिलें नाहीं. जुन्या जेत्यावरचा विजय हा पुष्कळदां सूडाचा आनंद असतो. येथें तो विजय एका इंग्रजाच्याच हातून मिळालेला असल्यामुळें इंग्रज जातीचा द्वेष करण्यास जागाच उरली नाहीं. मैदानाच्या कडेला उभा असलेला तो उंच मनुष्य आपला, आणि हरलेले परके. मग आपलें आणि परकें यांची जुनी रेघ कोठें ओढावयाची?

१९९० त इटलींत विश्वचषकाच्या स्पर्धेस आयर्लंड प्रथमच गेलें. काग्लिआरीस इंग्लंडशीं १-१, पालेर्मोस ईजिप्तशीं ०-० आणि हॉलंडशीं १-१, अशा तीन बरोबऱ्या झाल्या. २५ जून रोजीं जेनोआस रुमानियाशीं सामना पडला. जादा वेळ देऊनही गोल होईना, तेव्हां पेनल्टीवर निकाल ठरला. बॉनरनें टिमोफ्टे याचा फटका अडविला, डेव्हिड ओलिअरी यानें शेवटचा फटका बिनचूक मारला, आणि आयर्लंड पहिल्या आठांत गेलें. रोम शहरीं संघास पोप जॉन पॉल यांची भेट मिळाली. कॅथलिक देशाच्या मंडळींस घेऊन जाणारा गृहस्थ कॅथलिक नव्हता, ही मौज कोणाच्या ध्यानांतही आली नसेल. ३० जून रोजीं स्किलाचीच्या एका गोलानें इटलीनें आयर्लंडला हरविलें. वाचकांनीं हिशेब पाहावा: पांच सामने, दोन गोल, आणि नियमित खेळांत एकही विजय नाहीं. एवढ्या भांडवलावर परतलेल्या संघाच्या स्वागतास डब्लिनमध्यें सुमारें पांच लक्ष लोक लोटले! त्या लोकांस गणित येत नव्हतें असें नव्हे. बेकारी आणि ताटातूट यांनीं खचलेल्या देशास कित्येक वर्षांत प्रथमच सर्वांनीं मिळून आनंद करावा अशी एक गोष्ट मिळाली होती, आणि त्या आनंदांत गेलिकवाले, फुटबॉलवाले, शहरचे, खेड्यांतले, घरचे आणि परदेशचे हे भेद कांहीं दिवस तरी मावळले.

या कौतुकास विरोध झाला नाहीं असें नाहीं, आणि तो सगळाच मत्सराचा नव्हता. ईजिप्तशीं झालेल्या नीरस सामन्यानंतर माजी खेळाडू व लेखक ईमन डन्फी यांनीं दूरचित्रवाणीवर बोलतां बोलतां हातांतली लेखणी भिरकावून दिली, आणि असल्या खेळाची आपणांस लाज वाटते असें सांगितलें. सारा देश त्यांच्यावर तुटून पडला. लिअम ब्रेडी हा तर आयर्लंडच्या फुटबॉलांतला मोठा कलावंत. १९८९ च्या सप्टेंबरांत पश्चिम जर्मनीविरुद्ध खेळत असतां मध्यंतरापूर्वींच त्यास चार्लटन यांनीं बाहेर बोलाविलें, आणि त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द अशा रीतीनें संपली. हातीं चांगलें सोनें असतां त्याचें लोखंडच करून वापरलें, हा आक्षेप आम्हांस सर्वस्वीं खोडून काढतां येत नाहीं. ऐंशीं-नव्वदांतील आयर्लंडपाशीं मॅग्रा, व्हेलन, ह्यूटन, शीडी यांच्या तोडीचे गडी होते. दुसऱ्या गुरूनें कदाचित् अधिक रम्य खेळ दाखविला असता. पण तो कदाचितच राहतो. चार्लटन यांनीं रम्यता देऊं केली नव्हती. त्यांनीं आपल्या माणसांच्या अंगीं असलेल्या चिकाटीस एक उपयोग दाखविला, आणि जे नेहमीं हळहळत घरीं येत, ते निदान निर्भयपणें घरीं येऊं लागले.

मनुष्य म्हणून त्यांचा स्वभाव हाही या लोकप्रियतेचा एक भाग होय. ते फटकळ होते, विसरभोळे होते, आपल्याच खेळाडूंचीं नांवें चुकवीत. पण त्यांनीं कधीं आयरिश होण्याचें सोंग केलें नाहीं. त्यांची उत्तरेकडची खाणकामगारांची बोली शेवटपर्यंत तशीच राहिली. पश्चिम आयर्लंडांतल्या नद्यांवर ते तासन्‌तास मासे धरीत बसत आणि गांवच्या मद्यगृहांत कोणाशींही गप्पा मारीत. पैशांच्या बाबतींत हात आंखडता असलेला हा मनुष्य तेथें धनादेश लिहून देई, आणि लोक तो बँकेंत न टाकतां चौकटींत बसवून भिंतीस लावीत, असें सांगतात. कठोर गुरूच्या अंगीं ममता कोठें असते, हें पाहावयाचें तर पॉल मॅग्रा याची कथा पाहावी. आई आयरिश, बाप नायजेरियन. जन्म लंडनचा, बालपण डब्लिनच्या अनाथगृहांत. गुडघे निकामी, आणि दारूच्या व्यसनाशीं जन्माचा झगडा. अशा मनुष्यास इतर ठिकाणीं केव्हांच टाकून दिलें गेलें असतें. सरावास न येणें, सामन्याच्या आधीं नाहींसें होणें, हे सारे अपराध चार्लटन यांनीं पोटांत घातले, आणि मॅग्रा हा आयर्लंडच्या अत्यंत लाडक्या खेळाडूंपैकीं एक झाला.

तरीही ही केवळ गोड गोष्ट नव्हे. १७ नोव्हेंबर १९९३ रोजीं पुढच्या विश्वचषकाच्या पात्रतेसाठीं आयर्लंडला बेलफास्टमध्यें उत्तर आयर्लंडशीं खेळावें लागलें. त्याच्या आधींच्या एका महिन्यांत त्या प्रांतांत वीसाहून अधिक माणसें मारलीं गेलीं होतीं, आणि मैदानावरचें वातावरण द्वेषानें भारलेलें होतें. अ‍ॅलन मॅक्लॉक्लिन याच्या गोलानें १-१ अशी बरोबरी होऊन आयर्लंड पात्र ठरलें. १८ जून १९९४ रोजीं न्यूयॉर्कजवळच्या जायंट्स स्टेडियमवर हौटन याच्याच गोलानें आयर्लंडनें इटलीचा १-० असा पराभव केला. त्याच संध्याकाळीं उत्तर आयर्लंडांतल्या लॉखिनआयलंड या खेड्यांतील एका मद्यगृहांत लोक तो सामना दूरचित्रवाणीवर पाहत बसले होते. राजनिष्ठ म्हणविणाऱ्या बंदूकधाऱ्यांनीं आंत शिरून सहा जणांस ठार केलें. त्यांत एक सत्त्याऐंशीं वर्षांचा म्हातारा होता. देशभर जयघोष चालला असतां ही बातमी आली. फुटबॉलनें रक्त थांबविलें, असें म्हणणाऱ्यांस ही रात्र उत्तर आहे. खेळ शांतता आणूं शकत नाहीं. शांततेंत माणसें एकमेकांशीं कशीं वागतील, एवढें तो कधीं कधीं दाखवूं शकतो.

तें दाखविण्याची वेळ १५ फेब्रुवारी १९९५ रोजीं डब्लिनलाच आली. इंग्लंडचा संघ मित्रत्वाच्या सामन्यासाठीं लॅन्सडाऊन रोडवर आला होता. आयर्लंडनें गोल केला, तोंच वरच्या सज्ज्यांतील इंग्रज गुंडांनीं बांके उखडून खालच्या प्रेक्षकांवर फेंकण्यास सुरुवात केली, आणि सत्तावीस मिनिटांतच सामना सोडून द्यावा लागला. ते गुंड चार्लटन यांस उद्देशून 'जूडास' म्हणून ओरडत होते. ख्रिस्तास दगा देणाऱ्या शिष्याचें हें नांव म्हणजे त्या भाषेंतली शेवटची शिवी. ज्यानें इंग्लंडला १९६६ चा चषक मिळवून देण्यास हातभार लावला, त्यास त्याच देशाचीं पोरें घरभेद्या म्हणत होतीं. आणि ज्या लोकांनीं नऊ वर्षांपूर्वीं त्याच मैदानावर त्यास घरीं जा म्हणून बजाविलें होतें, ते आतां त्याच्या दुःखानें दुःखी झाले होते. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या त्या मनुष्याच्या चेहऱ्यावर लाज होती. ती स्वतःसाठीं नव्हे, आपल्या देशासाठीं. आम्हांस तर वाटतें कीं, आयरिश लोकांनीं चार्लटन यांस सर्वांत अधिक आपलें मानिलें तें विजयाच्या कोणत्याही दिवशीं नव्हे, या दिवशीं.

शेवट जवळ आला होता. गडी थकले होते, आणि इतर संघांनीं त्यांची चाल ओळखली होती. १३ डिसेंबर १९९५ रोजीं लिव्हरपूलच्या अ‍ॅनफील्ड मैदानावर हॉलंडनें ०-२ असा पराभव करून आयर्लंडचा पुढच्या युरोपीय स्पर्धेचा मार्ग बंद केला. सामना संपल्यावरही आयरिश प्रेक्षक हलले नाहींत. ते गात राहिले, आणि चार्लटन त्यांस भेटावयास पुन्हां मैदानावर आले. कांहीं दिवसांत त्यांनीं काम सोडलें. डब्लिन शहरानें त्यांस १९९४ तच आपलें सन्माननीय नागरिकत्व दिलें होतें. १९९६ त आयरिश सरकारनें त्यांस मानाचें राष्ट्रीय नागरिकत्व दिलें, आणि तो मान फारच थोड्या परकीयांस मिळालेला आहे. अखेरच्या वर्षांत त्यांस स्मृतिभ्रंशाच्या व्याधीनें ग्रासलें, आणि आपण काय काय केलें याची ओळखही हळूहळू पुसली गेली. १० जुलै २०२० रोजीं त्यांचें निधन झालें. ज्याची स्मृति गेली, त्याची आठवण दुसऱ्यांनीं राखली. इंग्लंडनें एक जुना खेळाडू गेला म्हणून दुःख मानिलें. आयर्लंडांत घरचें कोणी गेल्यासारखें झालें.

आतां आमच्या मूळ प्रश्नाकडे येऊं. वेडरबर्न आणि हॉर्निमन यांस आम्हीं जें प्रेम दिलें, तें लढाई चालू असतांनाचें प्रेम होय. लढणाऱ्यास शत्रूच्या गोटांतला मित्र मोलाचा वाटतोच. चार्लटन यांस मिळालेलें प्रेम त्याच्या पुढच्या अवस्थेंतलें आहे. देश स्वतंत्र होतो त्या दिवशीं निशाण बदलतें. पण जुन्या जेत्याकडे पाहून स्वतःस मोजण्याची संवय पुढेंही कित्येक पिढ्या राहते. त्याचा खेळ वर्ज्य करणें ही जशी तिची एक खूण, तशीच त्यास हरवून आसुरी आनंद मानणें ही दुसरी. इंग्रजानें शिकविलेला खेळ इंग्रजाच्याच हाताखालीं खेळून, इंग्रजास हरवून, त्यावर द्वेषाचा एक शब्द न बोलतां आयरिश लोक घरीं आले, तेव्हां ती संवय सुटूं लागली होती असें म्हणण्यास हरकत नाहीं. पुढें २००७ त ज्या क्रोक पार्कवर गोळ्या झडल्या होत्या, तेथें इंग्लंडचा रग्बी संघ आला, इंग्लंडचें राष्ट्रगीत वाजलें, आणि ऐंशीं हजार प्रेक्षकांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें. याचें श्रेय एका मनुष्यास देणें हा इतिहासाचा अपमान होईल. त्यांत मुत्सद्द्यांचे श्रम आहेत, आणि १९९८ च्या करारासाठीं झिजलेल्या अनेक अनाम माणसांचेही आहेत. पण इंग्रज माणसावर प्रेम करून पाहण्याची संवय त्या लोकांस आधीं कोणी लाविली, असें विचारल्यास उत्तर सोपें आहे.

कॉर्क शहराच्या विमानतळावर त्यांचा एक पुतळा उभारलेला आहे. तो चषक उंचावणाऱ्या वीराचा नाहीं, किंवा मैदानावरून आज्ञा सोडणाऱ्या सेनापतीचाही नाहीं. मासे धरण्याच्या छंदांत रमलेल्या एका साध्या गृहस्थाचा आहे. परदेशीं जाणारीं मुलें आणि परदेशाहून आजीच्या घरीं येणारीं नातवंडें त्याच्या जवळून जातात. ज्या मनुष्यानें अशा नातवंडांचाच संघ केला, त्यास याहून योग्य जागा कोणी निवडली असती, असें आम्हांस वाटत नाहीं.